आखाजी ते होळी: तालुक्याच्या संग्रहालयात वर्षभराचे कार्यक्रम कसे घ्यायचे

लहान गावातल्या संग्रहालयाच्या मंडळात कुणी नव्याने आलं, की पहिल्याच बैठकीत त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा येतो आणि कानावर एक वाक्य पडतं, "यंदा काहीतरी कार्यक्रम घ्या बुवा." किल्ल्या आठवड्याभरात अंगवळणी पडतात. कार्यक्रम कसा घ्यायचा, हे मात्र कुणी बसवून शिकवत नाही. मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी अशा मंडळात बारा वर्षं काम करतो आहे. आमच्याकडे तीन खोल्या आहेत, एक ओसरी आहे आणि समोर कडुनिंबाचं अंगण. कपाटात नाणी आणि मोडी कागद, ओसरीत पाभर, वखर, जाती आणि आसपासच्या खेड्यांतून आलेले मूर्तींचे तुकडे. तुम्ही अशाच ठिकाणी नवे असाल, तर हे तुमच्यासाठी लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कार्यक्रम कसा झाला हे खुर्च्या मोजून कळत नाही. काल जे कुठेच लिहिलेलं नव्हतं असं काही आज नोंदवहीत उतरलं का, ते बघायचं. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या. जन्म १८८०चा, अक्षरओळख नाही. शेतात, चुलीपाशी, जात्यावर त्यांना जे सुचत गेलं ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी टिपून ठेवलं, म्हणून १९५१ साली त्या गेल्यावरही ते उरलं. खानदेशात अशा आणखी किती बाया होऊन गेल्या असतील, ज्यांच्या शेजारी कागद घेऊन कुणी बसलंच नाही. संग्रहालयाचा कार्यक्रम म्हणजे तो कागद घेऊन बसायचं निमित्त.

पहिली पायरी: भिंतीवर कोरा कागद लावा

हातभर रुंद, भिंतभर लांब कागद घ्या. त्यावर चैत्र ते फाल्गुन बारा रकाने पाडा आणि आडव्या तीन ओळी आखा: सण, शेत, ऊन-पाऊस. मंडळातल्या वयस्क माणसांना समोर बसवून तो भरा. आमच्याकडे या कामाला दोन संध्याकाळी लागल्या आणि त्या दोन संध्याकाळींनी आम्हाला पुढची सगळी वर्षं वाचवली.

जगाची म्हणून एक दिनदर्शिका असते. १८ एप्रिल जागतिक वारसा दिन, १८ मे आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह. पत्रकं याच दिवसांची येतात. पहिल्या वर्षी आम्ही १८ मेला दुपारी चारचा कार्यक्रम ठेवला. पाहुणे बोलावले, अंगणात पत्र्याचा मांडव घातला. पारा चव्वेचाळीसच्या वर गेलेला. मांडवाखाली नऊ माणसं बसली, त्यातली सहा मंडळाची. दोन म्हाताऱ्या बाया दारापर्यंत येऊन उन्हाने परत गेल्या, हे मला आजही लागतं. त्या दोघी आत आल्या असत्या तर काय बोलल्या असत्या, ते आता कधीच कळायचं नाही. तेव्हापासून मे महिन्यातलं काहीही आम्ही संध्याकाळी सातच्या आधी सुरू करत नाही आणि माठात वाळा टाकून पाणी दारातच ठेवतो, आत नाही.

शेताची ओळ भरताना आपल्याच तालुक्याचं बघा. सगळ्या खानदेशाला एक वेळापत्रक लागू पडत नाही. कपाशीच्या गावांत मेअखेर ते जून लागवड आणि दसरा-दिवाळीपासून वेचणी. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात कामाचे दिवस निराळे, नवापूरकडच्या भाताच्या गावांत आणखी निराळे. नंदुरबारच्या आसपास हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्या पडतात, तेव्हा बायांना मान वर करायला उसंत नसते. ज्या आठवड्यात गावातल्या बाया रानात असतात, त्या आठवड्यात कार्यक्रम ठेवला तर फक्त भाषणं होतात.

दुसरी पायरी: एका कार्यक्रमाला एक वस्तू

नवी माणसं हमखास "खानदेशचा इतिहास" असा विषय धरतात. थाळनेरचे फारुकी सुलतान, १८१८ नंतर आलेली इंग्रजी राजवट, १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे, नंदुरबारचा शिरीषकुमार, सगळं दीड तासात बसवायला बघतात. ऐकणारा दमतो आणि बोलायला त्याच्याकडे काही उरत नाही. त्यापेक्षा एकच वस्तू मधोमध ठेवा. जातं ठेवा. पाभर ठेवा. अडशेरी, म्हणजे धान्याचं जुनं माप, ठेवा. वस्तू अशी असावी की ती पाहून समोरच्या माणसाला "आमच्याकडेही होतं असं" म्हणता यावं. हे वाक्य त्याच्या तोंडून आलं की तुमचं काम सुरू झालं.

शाळेच्या मुलांसाठी खापरांचं टेबल मांडा. तापीकाठी प्रकाशे इथे आणि गिरणाकाठी बहाळ इथे १९५०च्या दशकात उत्खननं झाली. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे तर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे मणी सापडले. शहामृग आपल्याकडे होतं हे ऐकूनच मुलांचे डोळे मोठे होतात. पण मुलांच्या हातात द्यायला खरी जुनी खापरं वापरू नका. कुंभाराकडून आजची फुटकी मडकी आणा, चार मडक्यांचे तुकडे मिसळा आणि कुठला तुकडा कुठल्या मडक्याचा ते मुलांना लावू द्या. काठाचा तुकडा कोणता, बुडाचा कोणता, हे बोटांना एकदा कळलं की विसरत नाही.

तिसरी पायरी: आखाजीपासून सुरुवात करा

वर्षातून एकच कार्यक्रम जमणार असेल, तर तो आखाजीचा करा. अक्षय तृतीया सगळ्या महाराष्ट्रात असते, पण आखाजी खानदेशाची. लेकी माहेरी आलेल्या असतात आणि चार दिवस राहतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, जुनं साल संपून नवं सुरू होतं. पेरणीला अवकाश असतो. म्हणजे ज्या बायांना एरवी घटकाभर बसायला मिळत नाही, त्या सगळ्या या आठवड्यात एका गावात, मोकळ्या असतात. हा योग वर्षात पुन्हा येत नाही.

मात्र सणाच्या दिवशी काही ठेवू नका. त्या दिवशी सकाळी पितरांच्या नावाने घागर भरायची असते, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं असतं, मग पुरणपोळी आणि आमरस. दुपारनंतर पुरुष मंडळी पत्त्यांना बसतात, पोरी झोक्यावर. तिसऱ्या दिवशीची संध्याकाळ धरा, सातची. आणि ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलं आहे, तिथे पत्रिका देऊ नका, नुसतं जाऊन बसून या.

अंगणातल्या निंबाला झोका बांधा. फांदी आदल्या दिवशी दोन दणकट माणसांना बसवून तपासा, दोर नवा घ्या, खाली पाण्याने भिजवलेली माती टाका. झोका बांधल्यावर माइक लावायचा मोह होईल. लावू नका. माइकसमोर बाया दोन ओळी म्हणतात आणि पदर तोंडाला लावून बाजूला होतात. झोक्यावर बसली की बाई आपोआप गाते. तुमच्यातल्या एखाद्या मुलीने खोडाशी बसून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावं, पण आधी विचारून: "माय, तुम्ही म्हणता ते टिपून ठेवू का?" नाही म्हणाली, तर मोबाइल उपडा ठेवायचा.

गाणं लिहून घेताना ते शुद्ध करू नका. "शे"चं "आहे" करू नका, "मन्ही"चं "माझी" करू नका. पूर्वेकडे लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याला भिली आणि पावरी, मधे अहिराणी, आणि गावागणिक तिचेही सूर वेगळे. तुम्हाला शब्द कळला नाही, तर तसाच लिहा आणि शेजारी प्रश्नचिन्ह करा. पत्रिकेची एक ओळ तरी बोलीत असू द्या. आमच्या फळ्यावर लिहिलेलं असतं, "आखाजीले या, घरनी जुनी वस्तू लई या," म्हणजे घरची जुनी वस्तू घेऊन या. ही ओळ वाचून दारात आलेली माणसं मी मोजलेली नाहीत, पण ती वाचताना हसणारे चेहरे मला दिसतात.

आखाजीला कुठली वस्तू? नाव घातलेली भांडी. पूर्वी भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव कोरून घ्यायची रीत होती. लग्नात आंदण द्यायचं, मुंज, वर्षश्राद्ध, सगळ्याला नाव. घागरीच्या गळ्याखाली, परातीच्या काठावर, तांब्याच्या बुडाशी बारीक ठोक्यांनी काढलेली अक्षरं असतात: कुणाकडून, कुणास, कुठलं गाव, कधी साल. ज्या बायांचं नाव सातबाऱ्यावर कधी आलं नाही, त्यांचं नाव पितळेवर आहे. गावाच्या इतिहासाचा हा असा दस्त आहे जो प्रत्येकाच्या माळ्यावर पडलेला असतो आणि कुणी वाचत नाही.

एका आखाजीला सत्तरीच्या एक आजी तांब्याची घागर कडेवर घेऊन आल्या. घासू नका असा निरोप आम्ही आधीच दिला होता म्हणून बरं, नाहीतर त्या ती चिंच लावून लख्ख घासूनच आणणार होत्या. आम्ही घागर खिडकीशी नेली, टॉर्च बाजूने तिरका धरला. समोरून उजेड टाकला तर कोरलेली अक्षरं दिसत नाहीत, तिरक्या उजेडात सावली पडते आणि ती उठून येतात. आजींच्या वडलांचं नाव निघालं आणि खाली गावाचं नाव. ते गाव तापीवरच्या धरणात गेलं आहे. आजींनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हाई मन्हं माहेर शे. आते पानीमा गयं." पलीकडे बसलेल्या दुसऱ्या एक बाई उठून जवळ आल्या, त्याही त्याच गावच्या. दोघींनी अंगणातल्या ओल्या मातीत बोटाने गल्ली काढली. मारुती इथे, विहीर इथे, तेल्याचं घर इथे, इथून नदीला उतार. आमच्यातल्या एका मुलीने ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं आणि दोघींना दाखवून दुरुस्त करून घेतलं. आमच्या कपाटातल्या कुठल्याही नाण्यापेक्षा मला त्या वहीचं पान मोलाचं वाटतं.

म्हणून निमंत्रणात ठळक लिहा: भांडी घासून आणू नका. चिंच, मीठ, राख, बाजारातली पावडर, काहीही लावलं की अक्षरांच्या कडा झिजतात. काळवंडलेलं भांडं तसंच येऊ द्या.

चौथी पायरी: पावतीशिवाय काही घेऊ नका

हे शिकायला आम्हाला एक चूक करावी लागली. दुसऱ्या वर्षी लोकांनी आणलेली भांडी आम्ही एका लांब टेबलावर मांडली. संध्याकाळी गर्दी झाली, लाइट गेली, आणि परत देताना दोन घरांचे सारख्याच घाटाचे दोन तांबे अदलाबदल झाले. आठ दिवसांनी एका घरून निरोप आला की हा आमचा तांब्या नाही. दोन्ही तांबे पुन्हा शेजारी ठेवून बघितले, तेव्हा एकाच्या कानाखाली धुराने भरलेलं आद्याक्षर सापडलं, म्हणून सुटका झाली. अक्षर नसतं तर? त्या तांब्यातून कुणाच्या सासूबाईंनी शेवटचं पाणी प्यायलं होतं. अशा वस्तूची भरपाई कशी करणार?

तेव्हापासून पद्धत ठरली आहे. दारातच एक जण पावतीपुस्तक घेऊन बसतो, दोन प्रतींचं, मधे कार्बन. वस्तूचं नाव मालक ज्या शब्दाने सांगेल त्याच शब्दाने लिहायचं. मग कुणाची होती, घरात कुठून आली, पोचा आहे का, झाळ लावली आहे का, कान तुटका आहे का, परत कधी द्यायची. वस्तूला चिकटपट्टी किंवा स्टिकर लावायचं नाही. जाड कागदाचा नंबर सुती दोऱ्याने सैल बांधायचा. शेजारी पट्टी ठेवून दोन फोटो, एक पूर्ण वस्तूचा, एक खुणेचा. मग सही किंवा अंगठा. पाच मिनिटं लागतात. दारात रांग लागली तर लागू द्या, रांगेत माणसं एकमेकांशी बोलतात आणि अर्ध्या गोष्टी तिथेच कळतात.

धातूची वस्तू हाताळताना सुती मोजे घाला, नाहीतर बोटांच्या घामाचे ठसे उमटून बसतात. कागदाला मोजे नकोत, धुऊन कोरडे केलेले हात हवेत, कारण मोज्यांत कागदाचा काठ कळत नाही आणि तो फाटतो. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावायची नाही, प्लास्टिकचं लॅमिनेशन करायचं नाही. कुणी प्रेमाने करून आणलं असेल तर त्याला बोलू नका, पुढच्यासाठी सांगा.

कायद्याचं थोडक्यात, पण हे नीट लक्षात ठेवा. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू धरली जाते, हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचं झालं की. घरातल्या पितळी परातीची कुणाला भीती घालायची गरज नाही, पण जुन्या मूर्ती, चित्रं आणि चित्रांची हस्तलिखितं यांची नोंदणी करावी लागते. आणि शेतात नांगरताना नाणी किंवा दागिने निघाले, तर १८७८च्या निखात निधी कायद्याने ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. असं कुणी रुमालात बांधून आणलं तर ठेवून घेऊ नका, किंमत सांगू नका. शेत कुठलं, किती खोल, सोबत खापर-वीट काही होतं का, हे लिहून घ्या आणि त्या माणसासोबत तहसील कचेरीत जा. सोबत जाणं महत्त्वाचं. एकटा शेतकरी कचेरीला बिचकतो आणि मग ती नाणी सोनाराकडे वितळतात.

पाचवी पायरी: पावसाळ्यात संग्रहालयाची काळजी आधी

मृगापासून पोळ्यापर्यंत आम्ही मोठा कार्यक्रम घेत नाही. शेतात काम असतं आणि आपल्यालाही असतं. भिंतींना ओल येते, कागदाला बुरशी धरते, पोथ्यांच्या लाल कापडात कसर शिरते. दर रविवारी एक कपाट उघडा, ऊन पडलेल्या दिवशी खोलीच्या खिडक्या उघडून हवा खेळू द्या. कागद थेट उन्हात वाळवू नका, ते पिवळे पडून तडकतात. या कामालाच शाळेची चार मुलं बोलवा. तो त्यांचा कार्यक्रम.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातल्या घरोघरी कानबाई देवी बसते. नव्या माणसाला हमखास वाटतं की संग्रहालयात कानबाईची आरास मांडावी, लोक येतील. माझं मत स्पष्ट आहे: मांडू नका. कानबाई घराची, भाऊबंदांची. बाहेरगावी नोकरीला गेलेले भाऊ रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, घरी येतात, गहू मोजून घेतात, रोट घरातल्यांनीच खायचे असतात. हे पाहुण्यांपुढे मांडायचं दृश्य नाही. सोमवारी विसर्जन झालं, माणसं मोकळी झाली, की त्यांच्या घरी जा आणि विचारा की तुमच्या भाऊबंदकीत किती घरं, कोण कुठल्या गावी पांगलं, यंदा कोण आलं नाही. एका कुळाच्या पन्नास वर्षांच्या स्थलांतराचा हिशोब त्या ओट्यावर मिळतो, सुरत, नाशिक, कल्याण, पुणे, सगळा. घरचे हो म्हणाले तरच लिहा.

सहावी पायरी: भुलाबाई मुलींच्या हाती द्या

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, हा मुलींचा गाण्यांचा सण, असतो. महिनाभर हातात आहे, म्हणून एका मोठ्या समारंभाऐवजी दर शनिवारी संध्याकाळी तासभर ठेवा. टिपऱ्या, गाणी आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखणं. मंडळातल्या मोठ्यांनी मागे बसावं आणि सूत्रं आठवी-नववीच्या मुलींकडे द्यावी. प्रत्येक मुलीने घरच्या आजीकडून एक गाणं आणायचं आणि वहीत लिहायचं: कुणाकडून, तिचं माहेर कुठलं, तिने कुणाकडून घेतलं. गाणं आजीच्या माहेरून सासरी आलेलं असतं. अशा पन्नास नोंदी झाल्या की नकाशावर टाचण्या लावा, कुठल्या गावचं गाणं कुठे गेलं ते दिसायला लागतं. आमच्याकडे हे काम तीन वर्षं चाललंय आणि मुली आता आम्हालाच सांगतात की अमुक कडवं चोपड्याकडचं, आपलं नाही.

खाऊ संग्रहालयाच्या खोलीत नको. एक करंजी फुटली तरी मुंग्या, मुंग्यांमागे झुरळं, आणि झुरळं कागद कुरतडतात. ओसरीच्या पायरीपलीकडे, अंगणात.

सातवी पायरी: हिवाळा, कल्हई आणि मोडी

वारसा सप्ताह नोव्हेंबरात येतो, तेव्हा वेचणी ऐन भरात असते. त्या आठवड्यात शाळा बोलवा, मोठ्यांसाठी डिसेंबरचा शेवटचा आठवडा ठेवा. त्या आठवड्याला खानदेशात स्वतःचंच वजन आहे. फैजपूरला १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, नेहरू अध्यक्ष होते आणि नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या खेड्यातल्याच सामानातून सजावट उभी केली होती. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यात गेले. गावोगाव पायी फिरून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं उतरवून, ज्यांनी कागद गोळा केले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी धुळ्यात उभं राहिलं. तिथलं संग्रहालय बघितलं नसेल तर मंडळाच्या सगळ्या नव्या माणसांना एकदा घेऊन जा. समोर भाषण न करता नुसतं हिंडू द्या.

आमचा हिवाळ्याचा कार्यक्रम दोन भागांचा. सकाळी मोडी. घरचा एक कागद घेऊन या, आमच्याकडे मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी आहेत, ते पहिल्या दोन ओळी वाचून दाखवतात. बहुतेक कागद गहाणखतं, पावत्या, वाटणीपत्रं असतात. लोकांना आधी वाटतं की खजिन्याचा कागद आहे. मग पणजोबांनी बैलजोडीसाठी किती रुपये कर्ज काढलं ते ऐकल्यावर माणूस गप्प होतो आणि पुन्हा वाचायला सांगतो. वाटणीपत्र जाहीर वाचू नका. चुलतभाऊ त्याच गर्दीत बसलेला असतो. ते बाजूच्या खोलीत, फक्त मालकासमोर.

दुपारी कल्हई. फिरता कल्हईवाला आता क्वचितच दिसतो, त्याला दोन महिने आधी गाठा, दिवसभराची मजुरी ठरवा आणि ती कार्यक्रम संपल्यावर लगेच हातात द्या. भट्टी अंगणाच्या टोकाला, वारा इमारतीकडून बाहेर जात असेल अशा बाजूला. मुलं चार हात लांब. पातेलं निखाऱ्यावर तापतं, तो चिंधीने नवसागर फिरवतो, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी तळाला टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने एका वळणात ते कथील सगळीकडे पसरतं. काळं पातेलं डोळ्यादेखत चंद्रासारखं होतं. मोठी माणसंही त्या क्षणी मुलांसारखी पुढे वाकतात. कल्हई लोकांच्या वापरातल्या भांड्यांना करा, संग्रहातल्या एकाही भांड्याला नको. तिथला जुना थर हाच पुरावा असतो. धुळ्याजवळचं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं, तिथले कारागीर यायला तयार झाले तर ठोक्याचं काम दाखवायला बोलवा आणि पाहुण्याच्या खुर्चीवर त्यांनाच बसवा.

संध्याकाळी भरीत. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. याला वेगळं आमंत्रण लागत नाही, धूर दिसला की गल्ली येते. आमच्या सगळ्यात चांगल्या नोंदी भरीत खाताना झाल्या आहेत. एक जण जेवण वाढायला आणि एक जण फक्त ऐकायला, खिशात वही घेऊन, असे दोन जण आधीच नेमून ठेवा.

आठवी पायरी: होळीला आपण जायचं

सातपुड्यातल्या आदिवासी गावांची होळी मोठी. अक्कलकुव्याच्या काठीची राजवाडी होळी सगळ्यांना माहीत आहे, त्याआधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. इथे कुणाला "सादरीकरणाला" बोलावू नका. आपण जा, बाजार करा, ज्यांच्या घरी ओळख आहे त्यांच्याकडे बसा. संग्रहात ढोल, पावरी नावाचं फुंकवाद्य, तीर-कामठा असतील तर त्यांचे फोटो सोबत न्या आणि विचारा, याला तुमच्याकडे काय म्हणतात, आमच्या पाटीवर लिहिलंय ते बरोबर आहे का. आमच्या चार पाट्या अशा दुरुस्त झाल्या.

पैसा

फार लागत नाही. आखाजीच्या कार्यक्रमाला दोर, पावतीपुस्तक, पाणी आणि चहा एवढाच खर्च. हिवाळ्याला कल्हईवाल्याची मजुरी आणि भरताचं सामान, वांगी कुणीतरी शेतातून पाठवतंच. वर्गणी घेतली तर पावती फाडा आणि हिशोब फळ्यावर लावा. ज्याच्या वर्गणीवर मोठा फलक लावावा लागतो, त्याची वर्गणी शक्यतो टाळा.

शेवटची पायरी: नंतरचे तीन दिवस

कार्यक्रम संपला की सगळे थकतात आणि मुद्रणं मोबाइलमध्ये पडून राहतात. मग मोबाइल बदलतो आणि सगळं जातं. म्हणून दुसऱ्याच दिवशी बसा. ध्वनिमुद्रणं दोन ठिकाणी उतरवून ठेवा. फायलीला तारीख, गाव आणि पावतीचा नंबर द्या. वहीतल्या नोंदी पेन्सिलीच्या असतील तर शाईने उतरवा, आणि उतरवताना मूळ पान फाडू नका, दोन्ही ठेवा. कुणाचं नाव लिहू नका असं सांगितलं असेल, तर तिथे फक्त गाव आणि साल.

तिसऱ्या दिवशी वस्तू परत. त्या कुणाच्या हाती पाठवू नका, घरी जाऊन द्या. मागची प्रत ताडून, वस्तू मालकासमोर फिरवून दाखवून, सही घ्या. सोबत फोटोची एक प्रत न्या आणि तुम्ही लिहून घेतलेलं वाचून दाखवा. बाई दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगेल, त्या तिथेच करा. चहा येईल, नाही म्हणू नका. चहा होईपर्यंत घरातलं कुणीतरी म्हणतं, "थांबा भाऊ, माळ्यावर अजून एक आहे," आणि शिडी लागते. म्हणून परत द्यायला जाताना कोरं पावतीपुस्तक आणि टॉर्च पिशवीत असू द्या.